वस्तीची बेटे आणि पाहुण्यांची बेटे: मालदीवच्या पर्यटनाचा राजकीय इतिहास

लक्षद्वीपच्या दक्षिणेला, विषुववृत्त ओलांडून पलीकडे जाणाऱ्या एका लांबट पट्ट्यात मालदीवची सुमारे १,१९० बेटे विखुरलेली आहेत. या साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती ३०० चौरस किलोमीटर भरत नाही, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्राच्या जवळपास निम्मीच होते. ही बेटे प्रवाळांची आहेत. समुद्रात बुडालेल्या डोंगरमाथ्यांवर प्रवाळकीटकांनी बांधलेल्या भिंती कंकणासारख्या गोल फिरतात, त्यांच्या आत उथळ, शांत पाण्याचे खाजण तयार होते आणि भिंतीच्या काठाने वाळूची लहान बेटे उभी राहतात. अशा कंकणद्वीपाला स्थानिक दिवेही भाषेत ‘अतोळु’ म्हणतात, आणि जगभरच्या भूगोलाने स्वीकारलेला ‘अटॉल’ हा शब्द त्यावरूनच आला. दिवेही ही सिंहलीची जवळची बहीण, म्हणजे मराठीच्याच आर्य भाषाकुळातली असून या शब्दातला ‘ळ’ मराठी वाचकाला मुद्दाम शिकावा लागत नाही.

या देशात माणसांची वस्ती असलेली बेटे दोनशेहून कमी आहेत आणि समुद्रसपाटीपासून अडीच मीटरपेक्षा उंच अशी नैसर्गिक जागा जवळजवळ कुठेच नाही, तरीही २०२४मध्ये येथे २० लाखांहून अधिक पर्यटक येऊन गेले. पर्यटनाचे उत्पन्न ज्या निसर्गावर आणि ज्या समाजावर उभे असते तो निसर्ग आणि तो समाज पुढच्या पिढ्यांसाठी टिकून राहावा, या मर्यादेत चालणाऱ्या व्यवसायाला शाश्वत पर्यटन म्हणतात, आणि त्याचे उदाहरण म्हणून मालदीवचे नाव अनेकदा घेतले जाते. प्रवाळांचे आरोग्य, सांडपाणी, कचरा, विजेचा वापर असे तांत्रिक प्रश्न त्या चर्चेत पुढे असतात. परंतु गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, कोणते बेट कोणासाठी आणि ते ठरवायचे कोणी, हा राजकीय प्रश्न येथे प्रत्येक वेळी आधी सुटला आणि पर्यावरणाचे बरेवाईट त्याच्या मागून घडत गेले.

बेटांवरची मालकी ही येथे फार जुनी बाब आहे. ११५३मध्ये या देशाने इस्लाम स्वीकारला आणि त्यानंतर मधले काही खंड सोडता १९६८पर्यंत येथे सुलतानांची राजवट राहिली. जमीन सुलतानाची, म्हणजे राज्याची, आणि प्रजेला तिचा केवळ वापर, ही रीत त्या काळात पक्की झाली. वस्ती नसलेली बेटे ‘वारुवा’ नावाच्या पद्धतीने खंडाने दिली जात. ज्याला बेट मिळे तो तिथले नारळ उतरवी, लाकूड तोडी, आणि ठरलेला वाटा राजधानी मालेत पोचता करी. बेट कोणाला मिळणार हे दरबारी मर्जीवर अवलंबून असे. पर्यटन आले तेव्हा बेट भाड्याने देण्याची कल्पना कोणाला नव्याने शोधावी लागली नाही. नारळाच्या जागी पाहुणा आला आणि वारुव्याच्या जागी भाडेपट्टा आला, पण बेट वाटून देणारा हात मालेतच राहिला.

बाहेरच्या जगाशी या बेटांचा संबंध व्यापाराने बांधलेला होता. भारतात शतकानुशतके सुटे चलन म्हणून चाललेल्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवच्या खाजणांतून होत असे. त्या बंगालच्या बंदरांत उतरत आणि तिथून पुढे पसरत. मराठीतल्या ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ या शब्दप्रयोगांमागे जी चलनव्यवस्था आहे तिची एक टाकसाळ अशी समुद्रात होती. चौदाव्या शतकात येथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने या कवड्यांच्या व्यापाराची नोंद करून ठेवली आहे. दुसरा माल म्हणजे शिजवून, धुरावून, उन्हात लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला कुपा मासा, आणि त्याची मुख्य बाजारपेठ श्रीलंकेत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेत पेढ्या आणि वखारी उघडल्या आणि अल्पावधीत परदेशी व्यापाराची बहुतेक सूत्रे त्यांच्या हाती गेली. त्यातून उठलेल्या असंतोषाची पार्श्वभूमी १८८७च्या त्या कराराला होती, ज्याने परराष्ट्रव्यवहार ब्रिटिशांकडे गेला आणि अंतर्गत कारभार सुलतानाकडे राहिला. परकीय भांडवलाचा बेटांवर किती हक्क असावा, हा मालदीवच्या राजकारणात आजही पेटणारा वाद तेव्हापासूनचा आहे.

२६ जुलै १९६५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९६८मध्ये इब्राहिम नासिर यांच्या अध्यक्षतेखाली दुसऱ्यांदा प्रजासत्ताक स्थापन झाले. त्या सुमारास येऊन गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने येथे पर्यटन शक्य नाही असा अभिप्राय दिला होता, आणि तो चुकीचा म्हणून हसण्यावारी नेणे अन्यायाचे ठरेल. बँक नव्हती, विजेची व दूरध्वनीची सोय राजधानीबाहेर नव्हती, आणि हुळुले बेटावरची धावपट्टी नावापुरतीच होती. मात्र १९७०च्या दशकाच्या आरंभी परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने सुक्या माशांची आयात घटवली आणि देशाच्या उत्पन्नाचा मुख्य झरा आटू लागला. याच काळात जॉर्ज कॉर्बिन हा इटालियन प्रवास व्यावसायिक कोलंबोतल्या मालदीवच्या वकिलातीत अहमद नसीम या तरुण अधिकाऱ्याला भेटला, त्याच्याबरोबर मालवाहू जहाजाने मालेला आला, आणि फेब्रुवारी १९७२मध्ये इटालियन पर्यटकांची पहिली छोटी तुकडी घेऊन परतला. ते पाहुणे मालेतल्या साध्या घरांत, म्हणजे वस्तीतच राहिले, ही गोष्ट पुढच्या घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ३ ऑक्टोबर १९७२ रोजी विहामनाफुशी या वस्ती नसलेल्या बेटावर प्रवाळाचे दगड आणि माडाच्या झावळ्या वापरून बांधलेल्या ३० खोल्यांचे ‘कुरुंबा’ हे पहिले पर्यटनबेट सुरू झाले. त्याच वर्षी बन्दोस बेटावर दुसरे उघडले. १९७६मध्ये ब्रिटिश हवाई दल दक्षिणेकडच्या अद्दूतल्या गान बेटावरचा तळ सोडून गेले, तेव्हा तिथे काम करून इंग्रजी शिकलेली पण आता बेकार झालेली माणसे उत्तरेकडच्या या नव्या बेटांवर कामाला आली. सोव्हिएत संघाने गानचा तळ भाड्याने मागितला असता सरकारने १९७७मध्ये नकार दिला. परकीय सैन्यापेक्षा परकीय पाहुणा परवडतो, असा कल त्या नकारातून सूचित होतो.

११ नोव्हेंबर १९७८ रोजी मामून अब्दुल गयूम अध्यक्ष झाले आणि पुढची ३० वर्षे राहिले. त्यांच्या काळात पर्यटन ही खासगी धडपड न राहता राज्यव्यवस्था बनली. पर्यटनाचे स्वतंत्र खाते, प्रत्येक पाहुण्यामागे दर रात्रीचा खाटकर, १९८१मध्ये हुळुलेला आंतरराष्ट्रीय विमानतळ, १९८३मध्ये पहिला पर्यटन आराखडा, अशी ही उभारणी होत गेली. तिचे मध्यवर्ती सूत्र ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे होते. पाहुणे केवळ निर्जन बेटांवर राहतील आणि वस्तीची बेटे रहिवाशांची राहतील, असे ठरले. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वस्तीच्या बेटांवरची अतिथिगृहे बंद करण्यात आली आणि परदेशी व्यक्तीला गावच्या बेटावर मुक्काम करण्यासाठी परवाना लागू लागला. देशात दारूबंदी आहे आणि नागरिकत्वासाठी इस्लामचे पालन अनिवार्य आहे, पण पर्यटनबेटे कायद्याच्या भाषेत ‘वस्ती नसलेली’ असल्यामुळे तिथे दारू आणि डुकराचे मांस यांना मुभा मिळाली. ज्या बेटावर शेकडो माणसे रोज झोपतात आणि उठतात ते बेट कायद्यात निर्जन राहते. या एका शब्दावर संपूर्ण व्यवसायाचा नैतिक समतोल उभा राहिला.

या विभाजनाने निसर्गाचे जे रक्षण केले ते नाकारता येणार नाही, कारण भाडेपट्ट्यात घातलेल्या अटी साध्या आणि मोजता येण्याजोग्या होत्या. बेटाच्या २० टक्क्यांहून अधिक जमिनीवर बांधकाम करायचे नाही, इमारत माडांच्या वर डोकावू द्यायची नाही, किनाऱ्याच्या लांबीपैकी ६८ टक्केच खोल्यांसमोर घ्यायची आणि उरलेली सर्वांच्या वापरासाठी व मोकळी ठेवायची, खाजणात खांबांवर खोल्या बांधल्या तर तितकी जागा जमिनीवर मोकळी सोडायची, वीज, गोडे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था बेटाने स्वतः करायची, असे हे नियम होते. भाडेपट्टा सरकारच्या हाती असल्यामुळे त्यांना धाक होता. शेजारच्या अनेक देशांतल्या किनाऱ्यांवर हॉटेलांच्या जशा भिंती उभ्या राहिल्या तशा त्या काळात मालदीवमध्ये राहिल्या नाहीत, आणि त्याचे श्रेय एकाधिकारशाही राजवटीलाच द्यावे लागते, हे मान्य करणे कितीही जड जात असले तरी.

समुद्रातल्या जीवांनाही असे संरक्षण मिळत गेले. संशोधक चार्ल्स अँडरसन आणि हुदा अहमद यांनी १९९३मध्ये हिशेब मांडला की, पाणबुड्या पर्यटकांच्या आवडत्या एका जागी वावरणाऱ्या एका करड्या शार्कपासून वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलरचे उत्पन्न होते, तर तोच मासा पकडून विकला तर एकदाच जेमतेम ३२ डॉलर मिळतात. १९९५मध्ये १५ डुबकीस्थळे संरक्षित झाली, १९९८मध्ये पर्यटनाच्या अटॉलांत शार्कमारीला बंदी आली आणि २०१०मध्ये ती देशभर लागू झाली. शार्क वाचला ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु शार्क मारून पोट भरणारे कोळी एका अटॉलात आणि तो जिवंत ठेवून मिळणारे डॉलर दुसऱ्या अटॉलात, अशी ही वाटणी असल्याने बंदीची झळ ज्यांना बसली त्यांच्यापर्यंत तिचा लाभ क्वचितच पोचला.

कचऱ्याच्या बाबतीत तर ‘निर्जन’ या शब्दाची दुसरी बाजू दिसते. मालेच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर असलेल्या थिलाफुशीच्या खाजणात १९९२पासून राजधानीचा आणि रिसॉर्टांचा कचरा टाकला जाऊ लागला आणि त्या कचऱ्याच्या भरावावर एक नवे बेटच उभे राहिले. पाहुण्यांच्या बेटावरची वाळू रोज सकाळी स्वच्छ झाडलेली असते, कारण तिथून उचललेले सारे जिथे टाकले जाते ते बेट पाहुण्याच्या वाटेत येत नाही. तिथे जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या धुरात काम करणारे बहुसंख्य मजूर बांगलादेशातून आलेले असत.

विभाजनाचा राजकीय परिणाम याहून खोल होता. बेटांचे पट्टे मालेतून वाटले जात असल्याने पर्यटनाचा पैसा राजधानीतल्या थोड्या घराण्यांकडे साचला. दूरच्या अटॉलांतल्या तरुणाला रिसॉर्टमध्ये नोकरी मिळे, पण घर सोडून, महिनोन्महिने दुसऱ्या बेटावर राहून, आणि मुलींना तर कुटुंबाची परवानगीही सहसा मिळत नसे. स्वतःच्या गावात दोन खोल्या बांधून पाहुणा ठेवण्याचा मार्ग कायद्यानेच बंद केलेला होता. अध्यक्षपदाची निवडणूक म्हणजे संसदेने निवडलेल्या एकाच उमेदवाराला होय किंवा नाही म्हणणे, अशी पद्धत होती, आणि २००५पर्यंत राजकीय पक्षांना मान्यता नव्हती.

या राजवटीला पहिला मोठा तडा माफुशी बेटावर गेला. मालेच्या दक्षिणेला असलेल्या, जेमतेम सव्वा किलोमीटर लांबीच्या या बेटावर देशाचा मुख्य तुरुंग आहे. सप्टेंबर २००३मध्ये इवान नसीम या तरुण कैद्याचा तिथे मारहाणीत मृत्यू झाला, त्यानंतर तुरुंगात गोळीबार होऊन आणखी कैदी दगावले, आणि माले शहरात दंगल उसळली. पुढच्या वर्षी, २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीने ८०हून अधिक बळी घेतले आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून अधिक नुकसान केले. पुनर्बांधणीसाठी बाहेरची मदत आणि रिसॉर्टांसाठी बाहेरचा विश्वास या दोन्हींची गरज असलेल्या सरकारला सुधारणांची मागणी फार काळ टाळता आली नाही. २००८मध्ये नवे संविधान आले आणि त्याच वर्षी झालेल्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत, आधी अनेकदा तुरुंगवास भोगलेले मोहम्मद नशीद अध्यक्ष झाले.

जगाला नशीद आठवतात ते १७ ऑक्टोबर २००९ रोजी पाण्याखाली भरवलेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीमुळे. समुद्राची पातळी वाढली तर हा देश बुडेल, हे त्या एका दृश्याने जगभर पोचवले. मालदीवच्या आतल्या इतिहासात मात्र त्यांच्या सरकारचा दुसरा एक निर्णय अधिक दूरगामी ठरला. २००९-१०मध्ये वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे चालवण्याची परवानगी पुन्हा मिळाली. तिचा सर्वांत आधी आणि सर्वांत मोठा लाभ घेणारे बेट माफुशी होते. ज्या बेटाचे नाव तुरुंगामुळे भीतीने घेतले जाई तिथे काही वर्षांत डझनावारी अतिथिगृहे, उपाहारगृहे आणि नौका दिसू लागल्या. तुरुंग हलला नाही. एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचा किनारा, असे ते बेट आजही आहे. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या दरात जिथे आठवडा काढता येतो अशा या खोल्यांमुळे मध्यमवर्गीय प्रवासी प्रथमच मालदीवला येऊ शकला, आणि गावच्या दुकानदाराला, नावाड्याला, खानावळ चालवणाऱ्या बाईला पर्यटनाचा पैसा प्रथमच हातात दिसला.

या बदलाची किंमतही होती आणि ती दोन ठिकाणी दिसली. लहान बेटांवर कचरा उचलण्याची, सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आधीच तोकडी होती. रिसॉर्टला पट्ट्याच्या अटींनी जे करावे लागे ते ग्रामपरिषदेला पैशांअभावी करता येईना. दुसरी किंमत धार्मिक राजकारणाने वसूल केली. वस्तीच्या बेटावर पोहण्याच्या वेशातला पाहुणा हा वादाचा विषय झाला आणि त्यावर गावोगाव झाप बांधून आडोसा केलेला ‘बिकिनी बीच’ हा तोडगा निघाला. दारू हवी असलेल्यांसाठी किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या नौका आल्या. डिसेंबर २०११मध्ये विरोधी पक्षांनी आणि धार्मिक संघटनांनी काढलेल्या मोर्चानंतर सरकारने रिसॉर्टांतील स्पा बंद करण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला. नशीद यांच्या विरोधकांनी जे साधन वापरले तेच त्यांच्यावर उलटवण्याचा हा प्रयत्न होता, पण त्याने संकट टळले नाही. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांना पद सोडावे लागले. पोलिस व सैन्यातील काहींनी उठाव करून ते घडवले, असे नशीद यांचे म्हणणे राहिले. त्याच वर्षाअखेर नव्या सरकारने मालेच्या विमानतळाचे भारतातील जीएमआर कंपनीला दिलेले कंत्राट रद्द केले, आणि लवादाच्या निकालानुसार पुढे सुमारे २७ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. देशात येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा ज्या एका धावपट्टीवर उतरतो तिच्यावर कोणाचा ताबा असावा, हा प्रश्न बोहरा वखारींच्या काळातल्याच भाषेत पुन्हा विचारला गेला.

अध्यक्ष अब्दुल्ला यामीन यांच्या २०१३ ते २०१८ या कारकिर्दीत वारुवा पद्धतीचे सर्वांत विकृत रूप समोर आले. २०१४च्या कायदादुरुस्तीने जाहीर निविदा न मागवता बेटे आणि खाजणे देण्याची वाट मोकळी झाली, आणि पर्यटनाच्या जाहिरातीसाठी असलेल्या सरकारी कंपनीमार्फत पन्नासहून अधिक बेटे व खाजणे वाटली गेली. त्या व्यवहारांतले कोट्यवधी डॉलर सरकारी तिजोरीत पोचलेच नाहीत. पर्यटनमंत्री आणि नंतर उपाध्यक्ष झालेल्या अहमद अदीब यांना या प्रकरणात पुढे शिक्षा झाली. या घोटाळ्याकडे केवळ पैशांची चोरी म्हणून पाहणे अपुरे आहे, कारण त्याने पट्ट्याच्या अटींचा धाकच संपवला. ज्याने बेट मेहेरबानीने मिळवले त्याला २० टक्क्यांची मर्यादा दाखवणारा अधिकारी उरत नाही. २०१५मध्ये संविधान दुरुस्त करून १०० कोटी डॉलर गुंतवणाऱ्या परदेशी व्यक्तीला जमिनीची मालकी देण्याची तरतूद झाली, आणि तिची एक अट अशी होती की त्या जमिनीचा ७० टक्के भाग समुद्र बुजवून तयार केलेला असावा. कायद्यानेच भरावाला बक्षीस लावले होते. पुढच्या सरकारने २०१९मध्ये ही तरतूद रद्द केली. मात्र भराव थांबला नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये मोहम्मद मुइझ्झू भारतीय सैनिकांना परत पाठवण्याच्या घोषणेवर अध्यक्ष म्हणून निवडून आले. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या लक्षद्वीपभेटीवर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अवमानकारक टिप्पण्या केल्या, त्यांना निलंबित करण्यात आले, आणि महाराष्ट्रासह भारतभर मालदीवच्या सहली रद्द करण्याचे आवाहन पसरले. २०२३मध्ये दोन लाखांहून अधिक पर्यटक पाठवून पहिल्या क्रमांकावर असलेला भारत २०२४मध्ये बराच खाली घसरला आणि त्याची जागा चीनने घेतली. त्या वेळी पर्याय म्हणून पुढे केल्या गेलेल्या लक्षद्वीपचा इतिहास याच्या उलट दिशेने गेलेला आहे. तिथे १९६७च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला प्रवेशासाठीच परवाना लागतो आणि पर्यटन मोजक्या बेटांपुरते मर्यादित राहिले. दिवेहीच बोलणारे मिनिकॉय हे भारतीय बेट भाषेने मालदीवचे सख्खे भावंड आहे, परंतु एकाच समुद्रातल्या या दोन भावंडांच्या किनाऱ्यांचे भवितव्य दोन वेगळ्या राजधान्यांनी ठरवले. २०२१मध्ये लक्षद्वीप प्रशासनाने मांडलेल्या विकासविषयक मसुद्याला रहिवाशांनी केलेला तीव्र विरोध हा मूलतः जमीन कोणाच्या निर्णयाने जाणार, याच प्रश्नावर होता.

मालदीवमध्ये या प्रश्नाचे अलीकडचे एक उत्तर उत्तरेकडच्या कुळुदुफ्फुशी बेटावर पाहायला मिळते. या बेटावर तिवरांनी वेढलेली मोठी पाणथळ जागा होती. तिच्या चिखलात बायका नारळाची सोडणे महिनोन्महिने कुजवीत, ती झोडपून काथ्या काढीत आणि त्याची दोरी वळून विकीत. हा व्यवसाय आईकडून मुलीकडे येई आणि त्याला पट्टा, परवाना, भांडवल असे काही लागत नसे. याच अटॉलात हनिमाधू येथे विमानतळ आधीपासून असताना यामीन सरकारने कुळुदुफ्फुशीला स्वतःचा विमानतळ देण्याचे आश्वासन दिले. पर्यावरण कार्यकर्त्यांनी विरोध केला. बेटावरच्या अनेकांना मात्र विमानतळ हवा होता, कारण पाहुणा आला तर तो विमानानेच येणार, हे चाळीस वर्षांत प्रत्येक बेटाने पाहिले होते. २०१७मध्ये पाणथळ जागेचा बराचसा भाग वाळूने बुजवण्यात आला आणि २०१९मध्ये धावपट्टीवर विमाने उतरू लागली. सोडणे कुजवण्याचे खड्डे भरावाखाली गेले. त्या खड्ड्यांच्या मोबदल्यात बायकांना भरपाई देण्याची चर्चा झाली, पण दोरी वळायला लागणारा तो चिखल कोणत्याही भरपाईतून परत मिळणारा नव्हता.